नकाशावरचा चढ कसा वाचावा?

प्रश्न : अंजनेरीच्या डोंगरावर जायचे आहे. स्थलदर्शक नकाशा मिळाला, पण चढ किती खडा ते रेषांवरून कळत नाही. – एक वाचक, सातपूर

उत्तर : तुमच्याकडचा नकाशा १:५०,००० चा असेल, तर १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. तपकिरी समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) लगतच्या दोन रेषांत बहुधा २० मीटर उंचीचा फरक असतो. समासातली टीप बघून खात्री करा. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे दोन जाड रेषांत १०० मीटर उंचीचा फरक. दोन जाड रेषांमधले अंतर पट्टीने मोजा. १ सेंमी भरले तर ५०० मीटरला १०० मीटर चढ, साधारण ११ अंश. २ मिमी भरले तर थेट ४५ अंश! तिथे चढताना हातांचाही आधार घ्यावा लागतो.

आपले डोंगर बेसॉल्टच्या (लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाच्या) थरांचे, पायऱ्यापायऱ्यांचे. रेषा एकदम दाटतात, मग पठारावर विरळ होतात. म्हणून पूर्ण वाटेची सरासरी काढू नका, टप्प्याटप्प्याने मोजा. आणि १५ मीटरचा कातळ दोन रेषांच्या मध्ये लपू शकतो. शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा मुलांना घेऊन निघालो असताना असाच कातळ आडवा आला, आम्ही मुकाट मागे फिरलो. त्यामुळे वाटेची चौकशी गावात कराच.

रेषेच्या वळणाचे टोक चढाकडे रोखलेले दिसले तर ती घळ, उताराकडे असेल तर सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली धार). पावसाळ्यात सोंडेनेच चढा.