गावकऱ्यांना पैसे देऊन वन्यप्राण्यांची चराऊ कुरणं खरंच वाचतात का?

वाचतात, पण रक्कम किती, हातात कधी पडते आणि येते कुठून, यावर सगळं अवलंबून आहे. केनियातलं कितेंगेला बघा. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला मासाई पशुपालकांच्या मालकीची कुरणं आहेत. पावसाळ्यात उद्यानातले झेब्रे आणि विल्डबीस्ट तिकडे चरायला जातात. ती वाट बंद झाली तर उद्यानाचा कोंडवाडाच होणार.

म्हणून २००० साली तिथे भाडेकरार सुरू झाले, एकरी वर्षाला ४ डॉलर. अटी साध्या होत्या: कुंपण नको, नांगरट नको, जमीन विकायची नाही, शिकार करायची नाही. स्वतःची गुरं मात्र खुशाल चारावीत. मला सगळ्यात आवडतं ते हप्त्यांचं वेळापत्रक. पैसे वर्षातून तीनदा, शाळेच्या सत्राच्या तोंडावर मिळत. पोरांची फी भरायला जमिनीचा तुकडा किंवा दावणीची गाय विकायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार.

अडचण भावाची झाली. नैरोबी शहर पसरत गेलं, जमिनीला सोन्याचा भाव आला. त्यापुढे ४ डॉलर कसे टिकणार? शिवाय पैसा देणग्यांचा, म्हणजे आटला की करारही धोक्यात. केनियातल्याच मासाई मारा अभयारण्यालगतच्या जमिनींचं भाडं पर्यटनातून येतं, रक्कमही बरी असते. पण २०२० मध्ये कोरोनाने पर्यटक थांबले आणि तिथेही भाड्याची ओढाताण झाली. त्यामुळे अशी योजना आखताना लांब मुदतीचा करार आणि वाईट वर्षासाठी बाजूला ठेवलेला निधी, या दोन गोष्टी आधी मागाव्यात.