रात्रभराच्या ग्रुप सायकल राइडला पहिल्यांदाच जायचं आहे. जमेल का?

दिवसा ५०-६० किलोमीटर निवांत चालवत असाल तर बिनधास्त जा. मैत्रीच्या राइडमध्ये शर्यत नसते, मागे पडलेल्यासाठी थांबतात. फक्त एकूण अंतर आणि सरासरी वेग आधी विचारून घ्या.

खरी तयारी दिव्यांची. मागचा लाल दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. तासन्‌तास तुमच्या मागे चालवणाऱ्याच्या डोळ्यांना लुकलुकण्याचा फार त्रास होतो आणि त्याचा अंतराचा अंदाजही चुकतो. पुढचा झोत किंचित खाली, रस्त्यावर पडू द्या. पूर्ण झोतावर बरेच दिवे दोन-तीन तासांतच मान टाकतात, म्हणून मधल्या झोतावर चालवा आणि पॉवर बँक सोबत घ्या. जास्तीची ट्यूब, पंप हे तर आलंच.

झोपेचं म्हणाल तर पहाटे ३ ते ५ ही वेळ अवघड. शरीराचं तापमान तेव्हा सगळ्यात खाली गेलेलं असतं, थंडी वाजते, पापण्या जड होतात. विंडचीटर त्याआधीच चढवा, दर तासाला थोडं खात राहा. डुलकी येतेय असं वाटलं तर सोबतच्यांना सांगून थांबा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा, यात लाजायचं काही नाही. दुपारी झोप काढूनच या, आणि सकाळी परतताना गाडी मात्र दुसऱ्याला चालवू द्या.