नाशिकच्या बुधवारच्या बाजाराला पहिल्यांदा जाताय ना?

मग सकाळी लवकर गंगेवर पोहोचा. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) मे महिन्यात अकरानंतर घाटाचा दगड तापतो आणि पालेभाजी मान टाकते. दोन-तीन कापडी पिशव्या आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा. भाव कळतात, माणसंही कळतात.

वर्षाचा कांदा भरायचा असेल तर हीच वेळ. उन्हाळ कांदाच मागा, लाल कांदा साठवणीला टिकत नाही. मान बारीक आणि पूर्ण वाळलेली हवी. जाड मानेचा, कोंब आलेला किंवा दाबल्यावर मऊ लागणारा बाजूला काढा. घरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, हवेशीर जागी पसरून ठेवा.

करवंदं, जांभळं घेऊन आदिवासी पाड्यांवरच्या मावश्या बसलेल्या दिसल्या तर तिथे थांबाच. वाट्यावर विकतात. काळी, टपोरी करवंदं त्याच दिवशी संपवा. त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका, मला ते बघवत नाही. पहाटे उठून रानात हात ओरबाडून घेतलेले असतात.

नागलीचे (म्हणजे नाचणीचे) पापड कडकडीत वाळलेत का, एक मोडून बघा. बांबूचं सूप घेताना काठाची वीण घट्ट आहे ना, तेवढं तपासा. तांब्या-पितळेची भांडी मात्र इथे शोधू नका, त्यासाठी जवळच्या भांडी बाजारात जा.