ताणलं की रंग बदलणाऱ्या रबरात नेमका कोणता रंग घालतात?

एकही नाही. लाल पट्टी ताणली की हिरवी, आणखी ताणली की निळी होते, म्हणून त्यात तीन रंग भरले असतील असं तुम्हाला वाटतंय. साहजिक आहे.

मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात शिकवतो. पोळा झाल्यावर एका पोराने बैलाच्या माथ्यावरचं मोरपीस वर्गात आणलं. डोळ्याचा निळा भाग कापून आम्ही खलबत्त्यात घोट घोट घोटला. हाती आली तपकिरी भुकटी. "सर, निळा कुठी गेला जी?"

निळा मुळात नव्हताच. पिसात मेलॅनिनच्या (आपले केस काळे करणारं तेच द्रव्य) अतिसूक्ष्म कांड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात, आणि त्या अंतराशी जुळणारा प्रकाशच जोरात परततो. रचना मोडली, रंग गेला.

तुमच्या पट्टीत कांड्यांऐवजी आळीपाळीने रचलेले दोन प्रकारचे थर असतात. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून पाहा: लांब होते तशी पातळही होते. तसेच आतले थर एकमेकांजवळ सरकतात. लाल प्रकाश (लाटेची लांबी 650 नॅनोमीटर; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) परतवायला थरांच्या जोडीची जाडी 215 नॅनोमीटरच्या आसपास लागते, निळ्याला (450) सुमारे 150. हिशेब केला तर पट्टी दुपटीहून थोडी जास्त ताणावी लागेल. सोडली की पुन्हा लाल.

मंडईतला फुगा मात्र यात धरू नका. लाल फुगा फुगवल्यावर गुलाबी होतो, कारण तेवढाच रंग जास्त जागेवर पसरतो. तो निळा होणार नाही, फुटेल.

थर पाडायची युक्ती जुनी आहे. आरशावरून परतणारा प्रकाश येणाऱ्या प्रकाशाला भेटला की लाटा जागच्या जागी उभ्या राहतात. त्यांचा थराथरांचा ठसा फिल्ममध्ये उमटवून फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल लिपमन यांनी रंगीत फोटो काढले आणि 1908 चं नोबेल मिळवलं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये तीच युक्ती ताणणाऱ्या फिल्मवर, साध्या प्रोजेक्टरने केली. मागे काळं सिलिकॉन चिकटवलं, म्हणजे उरलेला प्रकाश शोषला जातो आणि रंग फिका पडत नाही. मोरपिसात हे काम मेलॅनिन करतं.

याचे कपडे करण्यापेक्षा मला बँडेज जास्त कामाचं वाटतं. एमआयटीतच 2018 मध्ये असे रंग बदलणारे धागे घातलेली पट्टी केली होती. पायाला गुंडाळताना ताण किती बसला ते रंगावरून कळतं. शिरा फुगलेल्या पायाला पट्टी किती घट्ट आवळायची, हे आमच्याकडे अजून बांधणाऱ्याच्या हाताच्या अंदाजावरच असतं.