मासे बंद आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या चालू?

न्यू जर्सीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. सासर मालवणचं, माहेर देवगडकडचं. पत्र मोठं आहे, मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"यांचं एचबीएवनसी ५.९ आलं, कोलेस्टेरॉलही वाढलंय. त्या दिवसापासून भात बंद, नारळ बंद. मासे आमच्याकडे तळूनच होतात, म्हणून तेही बंद केले. मैत्रिणीच्या सांगण्यावरून फिश ऑइलच्या कॅप्सूल आणल्या. रोज ओट्स, सॅलड, उकडलेलं चिकन. हे मुकाट्याने जेवतात आणि रात्री फरसाणाचा डबा उघडतात. शनिवारी मित्रमंडळी जमली की मात्र वडे-सागोती होतेच, तेवढं तरी नको का?"

तुमची काळजी मला समजते. एचबीएवनसी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी. त्यात ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि आपल्या लोकांना तो फारशी जाडी नसतानाही गाठतो. म्हणूनच अमेरिकेत आशियाई लोकांना बीएमआय २३ झाला की साखर तपासायला सांगतात. तुम्ही रिपोर्ट पाहून लगेच हातपाय हलवलेत, ते चांगलंच केलंत. पण आता रागावते. मालवणच्या माणसाच्या ताटातला मासा काढलात आणि त्याच माशाचं तेल बाटलीत भरलेलं विकत आणलंत?

साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये उपयोगाचं ओमेगा-३ असतं साधारण ३०० मिलिग्रॅम. अटलांटिक मॅकरलच्या, म्हणजे तिकडच्या बांगड्याच्या, १०० ग्रॅम मांसात ते दोन ग्रॅमच्या आसपास भरतं. वर प्रथिनं, ड जीवनसत्त्व, बी-१२. हृदयाचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा मासे खा म्हणतात, तेही तेलकट. आपल्याकडे तेलकट म्हणजे बांगडा आणि तारली, बाजारातले स्वस्तातले मासे. परदेशात गेल्यावर आपण सुरमई-पापलेटचे होतो आणि बांगड्याला विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मी हे सध्या वेंगुर्ल्याहून लिहिते आहे. आयुष्य इंग्लंडात गेलं, आता निम्मं वर्ष भावाकडे असते. सकाळी वहिनी बाजारातून आली की ओट्यावरूनच सांगते, "वन्सं, आज बांगडे बरे गावले, तिखला करतंय." तिचं तिखलं होतं कसं ते बघा. सुक्या मिरच्या भिजवून हळदीबरोबर गुळगुळीत वाटायच्या. बांगड्याचे तीन-तीन तुकडे, त्यावर ते वाटण, मीठ, तीन-चार सोलं (आमसुलं), बिया काढून ठेचलेली तिरफळं आणि तुकडे जेमतेम बुडतील एवढं पाणी. उकळी आली की मंद आचेवर दहा मिनिटं. डाव घालायचा नाही, टोप दोन्ही कानांना धरून गोल फिरवायचा, नाहीतर मासा मोडतो. उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल. एवढंच तेल, तेही चार माणसांत. नारळ नाही, तळण नाही, आणि चव अशी की माणूस बोटं चाटत उठतो.

हेच रोजचं जेवण. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी किंवा तिखलं, परसातली पालेभाजी, फुटी कढी, म्हणजे नारळाचा रस न घातलेली सोलांची कढी. वडे-सागोती आमच्या घरी व्हायची ती गटारीला, जावई आला की, कुणी मुंबईहून उतरलं की. आम्ही परदेशात गेलो तेव्हा आठवणीत राहिली ती पाहुण्यांची पानं. रोजचं ताट कुणाला आठवत नाही, म्हणून ते कुणी रांधतही नाही. तुमच्या पत्रातलं "तेवढं तरी नको का?" हे त्यातूनच आलं आहे. पाच दिवस जिभेला उपाशी ठेवायचं आणि शनिवारी दर आठवड्याला सण करायचा, असं केलं तर फरसाणाचा डबा उघडणारच.

माझ्या यजमानांच्या बाबतीत हेच झालं होतं. तिकडच्या डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हटल्यावर मी आईचं रोजचं जेवण पुन्हा सुरू केलं. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा सार्डिन, म्हणजे तिकडची तारली, एकदा पिठी, रोज एक पालेभाजी, भात मोजून. संध्याकाळी चालणंही वाढवलं होतं, सगळं श्रेय बांगड्याला देत नाही. पण साखर काठावरच थांबली, आणि जेवणाच्या वेळी ते स्वयंपाकघरात येऊन टोपाचं झाकण उघडून बघायला लागले. ज्या जेवणाची वाट बघावीशी वाटते तेच वर्षानुवर्षं निभतं.

तुम्ही न्यू जर्सीत आहात, म्हणजे तुमचं काम सोपं आहे. न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागात पोर्तुगीजांची जुनी वस्ती आहे, सार्डिन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कोरियन दुकानात मॅकरल मिळतो, फक्त खारवलेला नाही ना ते पाहून घ्या. सोलं एडिसनच्या ओक ट्री रोडवर, भारतीय दुकानांत मिळतील. तेही जमत नसेल त्या दिवशी पाण्यातल्या सार्डिनचा डबा उघडा, कांदा, हिरवी मिरची, सोलं आणि कोथिंबीर घालून सुकं करा, वीस मिनिटांत जेवण. एक मात्र सांभाळा. नावात मॅकरल असलं तरी किंग मॅकरल वेगळा. त्यात पारा जास्त असतो, गरोदर बायकांनी आणि मुलांनी तो खाऊ नये असं अमेरिकी सरकारच सांगतं. आपली सुरमई त्याच्याच गोतातली. सार्डिन आणि अटलांटिक मॅकरल यांना ती भीती नाही. कॅप्सूल डॉक्टरांनी दिलेल्या नाहीत, तेव्हा त्यांना एकदा विचारा आणि तो खर्च मासळीकडे वळवा.

भात बंद करू नका, कमी करा. शिजलेला वाटीभर, आणि भाजी त्याच्या दुप्पट. उकडा मिळाला तर उत्तम. साळ (टरफलासकटचं भात) उकडताना कोंड्यातलं बी-१ दाण्यात उतरतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते राहत नाही. पण उकडा झाला तरी तो भातच, वाटी एकच.

नारळाबद्दल तुमची भीती अर्धी खरी आहे. ओल्या खोबऱ्यात तिसरा हिस्सा चरबी, आणि ती बहुतेक संपृक्त. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने डब्यातल्या नारळाच्या दुधाची आमटी रोज खाऊ नये. पण पालेभाजीवर चमचाभर खोबरं भुरभुरलं किंवा चौघांच्या कालवणात मूठभर वाटून घातलं, तर त्यात तंतूही पोटात जातात. रस काढला की ते चोथ्याबरोबर फेकले जातात. सोलकढी पाहुण्यांना, घरच्यांना फुटी कढी.

सुक्या माशांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. जवळा, सुका बांगडा पावसाळ्यात जून-जुलैची मासेमारी बंद असते तेव्हा तोंडी लावायला असतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं म्हणतात. तेव्हा धुऊन, भिजवून, थोडेच घ्या.

बाकीचे प्रश्न. तूप की ऑलिव्ह ऑइल? दोन्ही मोजून, आणि फोडणी ऑलिव्ह ऑइलमध्ये केली तरी चालते. पंधरा वर्षांच्या मुलाला प्रोटीन पावडर? गरज नाही. अंडी, मासे, कुळीथ, मूग, दही खाऊ दे. कुळथाच्या १०० ग्रॅममध्ये बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हे त्याला सांगा, या वयात आकडा पटतो.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. "ख्रिसमसच्या सुट्टीत मालवणला जाणार, त्या रोज वडे करतील, नाही म्हटलं तर वाईट वाटेल." अहो, नाही म्हणायचंच कशाला? आत्ताच फोन करा आणि म्हणा, "आई, यांना तुमच्या हातची पिठी आणि तिखलं खायचंय, तिकडे मला तसं जमत नाही." डिसेंबरात मळ्यातला लाल माठ आणि मुळा येतो, त्याची भाजी मागा. वडे-सागोती निघायच्या आदल्या दिवशी ठरवा, आणि त्या दिवशी यांना पोटभर जेवू द्या, वाटी-चमचा मोजत शेजारी बसू नका. येताना सासूबाईंकडून वर्षभर पुरतील एवढी वाळलेली तिरफळं आणि दोन किलो कुळथाचं पीठ घ्या, आणि विमानतळावर कस्टमच्या लोकांना खाण्याचे जिन्नस आहेत म्हणून आधीच सांगा.