हल्लीच्या क्राइम-थ्रिलर कादंबऱ्यांपैकी कोणत्या घ्याव्यात, आणि बहुतेकांचा शेवट का फसतो?

ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचायला काय घ्यावं, आणि एवढं वाचून शेवटी ‘हे काय!’ असं का होतं, असे दोन प्रश्न तुम्ही एकत्र विचारलेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, त्यावरच पहिलं ठरतं. शेवट बहुतेक वेळा पहिल्या पन्नास पानांतच फसलेला असतो. गुन्हेगाराकडे नेणारा धागा वाचकासमोर ठेवलाच नसेल, तर लेखकाला अखेरीस जुळा भाऊ, सापडलेली डायरी नाहीतर दहा पानी कबुलीजबाब आणावा लागतो.

धागा उघड्यावर ठेवूनही न दिसू देण्याचं कसब बघायचं तर कीगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (मूळ जपानी 2005) घ्या. खून सुरुवातीलाच आपल्यादेखत होतो. कोणी केला, कसा केला, सगळं माहीत. शेजारचा गणिताचा मास्तर तो झाकायला पुढे येतो आणि पोलीस नेमके कुठे अडकतात, एवढंच कोडं. हा मास्तर परीक्षेत भूमितीचे वाटणारे प्रश्न काढतो, जे असतात भलत्याच प्रकरणाचे. ही बाब लेखक गप्पांच्या ओघात सांगून टाकतो आणि अख्ख्या कादंबरीची किल्ली तीच आहे. पहिल्या प्रकरणातला त्याचा घर ते जेवणाच्या डब्यांचं दुकान हा रस्ताही भरभर उरकू नका. याहून जास्त सांगितलं तर मजा जाईल.

स्टीग लार्सनच्या ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’चं उलटं आहे. पहिली शंभरेक पानं उद्योगपती, शेअर आणि बदनामीचा खटला. तिथेच निम्मे लोक पुस्तक ठेवतात. खरं पुस्तक सुरू होतं ते 1966 साली नाहीशा झालेल्या मुलीच्या फोटोंपाशी. पत्रकार त्या दिवशीच्या मिरवणुकीचे फोटो ओळीने लावतो, आणि एका क्षणी मुलीचा चेहरा बदललेला दिसतो. म्हणजे रस्त्यापलीकडे तिला कुणीतरी दिसलं. मग पलीकडच्या बाजूने फोटो कुणी काढला असेल, याचा शोध. तपास असा एका पुराव्यातून दुसऱ्यात सरकायला हवा. कोडं सुटल्यावर मात्र लेखक पुन्हा त्या पैशांच्या भानगडीत शिरतो, तो भाग मी सरळ चाळावा म्हणेन.

‘गॉन गर्ल’ (2012) मध्यापर्यंत जबरदस्त, नंतर ताणलेली. ‘मॅगपाय मर्डर्स’मध्ये कादंबरीच्या पोटात कादंबरी आहे आणि संशयितांचे दोन संच. अर्ध्या तासाच्या प्रवासात नावं विसरतात, ती रविवारी घरी वाचा.

आपल्याकडच्या गोष्टींत घोळ होतो तो पोलिसी कामकाजाचा. ठाण्यात घडणाऱ्या कादंबरीत तीन जागी बोट ठेवून बघा. पहिली, कबुली. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. त्यामुळे ‘त्याने पोलीस ठाण्यात सगळं कबूल केलं’ इथे पुस्तक संपत असेल, तर कोर्टात केस उभीच राहणार नाही. दुसरी, कलम. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं 103 लागतं. तोंडी जुन्या दंड संहितेतलं ‘तीनशे दोन’ म्हणणं ठीक, पण एफआयआरमध्ये 302 दिसलं की समजा, लेखकाने चौकशी केलेली नाही. तिसरी, मृत्यूची वेळ. ‘रात्री 10 वाजून 20 मिनिटांनी’ असं शवविच्छेदनातून कळत नाही, मिळतो तो काही तासांचा अंदाज. आपल्या उकाड्यात प्रेत ताठरणंही लवकर सुरू होतं आणि लवकर ओसरतं, त्यामुळे थंड देशातले आकडे जसेच्या तसे उचलले तर ‘त्या वेळी मी दुसरीकडे होतो’ हा आरोपीचा सगळा बचावच चुकीच्या वेळेवर बेतला जातो.

हद्दीचंही तसंच. विटाव्यापर्यंत ठाणे पोलीस आयुक्तालय, पुढे दिघा लागलं की नवी मुंबई. त्या सीमेवर प्रेत सापडलं तर ‘हे आमचं नाही’ इथूनच चांगलं प्रकरण रंगू शकतं, पण आमचे लेखक अजून दादर-गिरगाव सोडायला तयार नाहीत!

मराठीत जुनं हवं असेल तर बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार किंवा काळापहाड वेगासाठी वाचावा, तर्कासाठी नाही. सुहास शिरवळकरांच्या अमर विश्वास, मंदार पटवर्धन या मालिकांत संवाद फार तरतरीत आहेत, एका बैठकीत संपतात आणि लोकलला तेच सोयीचं. विकत घेण्याआधी मराठी ग्रंथ संग्रहालयात (स्थापना 1893) विचारा. ठाण्यात राहून त्याचं सभासदत्व नसणं बरं नव्हे.

सुरुवात हिगाशिनोपासून करा. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र वाचू नका, त्यात हमखास नको तेवढं फोडलेलं असतं.