उन्हाने कोसळलेल्या कुत्र्याला दवाखान्यात नेण्याआधी घरी काय करावं?

दुपारी फिरून आलेला लॅब्रेडॉर धापा टाकत कोसळला आणि दवाखाना अर्ध्या तासावर आहे, तर आधी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी पाणी, मग गाडी. अंग तापलेलंच ठेवून निघालात तर वाटेतली ती तीस मिनिटं मूत्रपिंडं, यकृत आणि मेंदूवर जातात.

त्याला सावलीत, पंख्याखाली फरशीवर घ्या आणि पाणी ओतायला लागा. तोवर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी डॉक्टरांना फोन लावावा. पाण्यात आधी हात घालून बघा, कारण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं. माठातलं किंवा पिंपात भरून ठेवलेलं घ्या. लॅबचे आतले केस इतके दाट असतात की वरून ओतलेलं पाणी ओघळून जातं आणि कातडी कोरडीच राहते. म्हणून बोटांनी केस फाकवून पोट, काखा, जांघा, पंजे भिजवा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. तो लगेच कोमट होतो आणि उष्णता आतच कोंडतो.

घरातल्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात इंचभर घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर धोका, 106 च्या पुढे जिवावर बेततं. 103 वर आलं की पाणी थांबवून अंग टिपा, नाहीतर पारा गरजेपेक्षा खाली घसरतो. थर्मामीटर नसेल तर दहा मिनिटं पाणी ओतून निघा.

शुद्धीत असेल तर वाटीत थोडं पाणी पुढे ठेवा. तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

क्रोसिन तर अजिबात नको! तापात मेंदूच अंग तापवतो, तिथे ती गोळी चालते. इथे उष्णता बाहेरून आलीय, त्यामुळे उपयोग शून्य आणि यकृतावर भार. मांजराला तर अशी एक गोळीही मारक ठरू शकते.

गाडीत एसी लावा किंवा काचा खाली ठेवा, तोंडाला जाळी बांधू नका. तो उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडाचा किंवा रक्त न गोठण्याचा त्रास एक-दोन दिवसांनीही वर येतो. हिरड्या फिक्या पडल्या, शी-उलटीत रक्त दिसलं किंवा लघवी गडद झाली, तर रात्र असली तरी थांबू नका.